नावं ठेवणाऱ्या नीलाताई

नीलाताई गेल्याचं आमच्या घरात आधी इराला कळलं, मग मला. त्यांच्या मुलाने पर्थहून फोन केला तो माझ्या सतरा वर्षांच्या मुलीला. मी तेव्हा वेलिंग्टनहून सुटलेल्या ट्रेनमध्ये होते. घरी आले तर इरा जिन्यात बसलेली. म्हणाली, "आई, मावशी गेली." मी ज्यांना 'त्या' म्हणायचे, त्यांना इरा 'ती' म्हणायची. एवढी मोठी गोष्ट सांगताना पोरीच्या तोंडी मराठी आली तीही त्यांचीच, आणि फोनही तिलाच... खरं सांगते, हे आधी बोचलं. रडू मागून आलं.

वेलिंग्टनजवळच्या लोअर हट गावात, स्टेशनवरून आमच्या घराकडे वळायच्या आधी त्यांचं घर लागतं. पुण्यात शाळेत शिकवायच्या, यजमानांच्या नोकरीसाठी इथे आल्या आणि ते गेल्यावरही इथेच राहिल्या. मी आणि माझा नवरा दोघंही आयटीतले, त्यामुळे शाळा सुटली की इरा त्यांच्याकडे असायची. संध्याकाळी स्टेशनवर लावलेली गाडी घेऊन येताना मी तिला घेऊन यायचे. तिने मराठी बोलावं म्हणून मी काय नाही केलं! भिंतीवर बाराखडी लावली, रविवारचे वर्ग झाले, मराठीत मागशील तरच आइस्क्रीम, हेही झालं. तिला सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीतच. नीलाताईंनी मात्र यातलं काहीएक केलं नाही.

त्यांना नावं ठेवायची खोड होती. माणसांना नाही, माणसांच्या वागण्याला. सुपरमार्केटात पनीरच्या फ्रिजपुढे दोन देशी माणसं समोरासमोर आली आणि दोघांनीही न पाहिल्यासारखं केलं, की तो 'पनीर-आंधळेपणा'. ऑफिसातला गोरा माणूस जवळ आला की आपले इंग्रजी उच्चार फुगतात, ती 'उच्चारसूज'. निघतो निघतो म्हणत पाहुणे चपला घालून दारातच गप्पा मारत राहिले, की त्यांना 'उंबरठ्याचा चिकटा' लागला. एकदा जेवताना नवऱ्याला ऑफिसचा फोन आला, तो इथल्या गोऱ्यांसारखं "स्वीट अ‍ॅज, स्वीट अ‍ॅज" करायला लागला, तशी इरा गंभीरपणे म्हणाली, "बाबाला सूज आली." आम्ही हसून हसून बेजार. हसता हसता माझ्या लक्षात आलं, की ज्या 'ळ'साठी मी घसा कोरडा केला होता, तो 'आंधळेपणा'च्या पाठीवर बसून आयता घरात आला होता.

मीही एक नाव करून पाहिलं. शाळेच्या डब्यातलं केळं रोज तसंच परत यायचं, त्याला म्हटलं 'केळं-वापसी'. इरा माझ्याकडे बघून प्रेमाने हसली. "नाइस ट्राय, आई." पाहुण्यांशी बोलावं तसं म्हणाली. पुढे मी त्या वाटेला गेले नाही. नीलाताईंना डोहाळजेवणापासून सत्यनारायणापर्यंत सगळीकडे बोलावणं असायचं, लोक त्यांनी ठेवलेली नावं पार पलीकडच्या पोरिरुआ गावापर्यंत घेऊन गेले, त्याचं मला काही वाटायचं नाही. माझं दुखणं एवढंच होतं, की माझ्या मुलीची भाषा दुसरीच्या स्वयंपाकघरात फुलत होती.

काही आठवड्यांनी त्यांचा मुलगा घर आवरायला आला. मदतीला आम्ही दोघी गेलो. इरा कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती, मी कपाट पुसत होते. इतकी वर्षं न विचारलेलं मी तेव्हा विचारलं. "इथून घरी यायला तुला आवडायचं नाही ना गं?"

तिने गुंडाळलेला कप खोक्यात ठेवला. "मला काही नाही वाटायचं. मावशीला नाही आवडायचं. हिवाळ्यात तुझी गाडी वळली ना, की या खिडकीवर लाइट पडायचा. मग ती म्हणायची, आली माझी हेडलाइट-पोटदुखी."

"पोटदुखी?"

"तू मला न्यायला यायचीस, त्याची. म्हणायची, मी दुपारभर एवढं करते आणि तुझी आई नुसता हॉर्न वाजवून जिंकते."

मी कपाटात तोंड घालून पुसत राहिले. कप्पा केव्हाच स्वच्छ झाला होता... दारात उभं राहून हसून "उद्या ये हं" म्हणणाऱ्या त्या बाईला माझा हेवा वाटत होता, आणि मला गाडीत बसून तिचा. फरक एवढाच, की त्यांनी आपल्या दुखण्याचं नाव ठेवलं, ते इराला सांगितलं आणि दोघी त्यावर हसल्या. माझं बिननावाचंच राहिलं. हे कळल्यावर हेवा विरघळेल असं वाटलं होतं. तो वाढला.

आता संध्याकाळी इरा घरीच असते. रस्त्यावर, टीव्हीवर, बापाच्या वागण्यात तिला काहीतरी दिसतं. ओठ हलतात, हसू येतं, नाव तयार होतंय हे मला कळतं. मावशीला कळवायला तिचा हात फोनकडे जातो, मध्येच थांबतो आणि मांडीवर परत येतो.

मी समोरच बसलेली असते.