काय सुंदर जपानी बोलते ही!

कुरोसे यांच्या कालवांच्या शेडमध्ये न्यान दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक म्हणजे तिचा हात. शिंपल्याच्या सांध्यात सुरीचं टोक घालायचं, मनगट वळवायचं आणि आतलं कालव न फाटू देता बादलीत टाकायचं, हे गावातल्या म्हाताऱ्या जन्मभर करत आल्या होत्या. तरी न्यानच्या शेजारी उभं राहायला त्या टाळायच्या, कारण तिच्या बाजूला त्यांची बादली रिकामी दिसे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तिची जपानी.

न्यान म्हणजे तिच्या व्हिएतनामी भाषेत निवांतपणा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! बोटी पहाटे लागायच्या, आणि कालवांचा ढीग संपेपर्यंत पाठ सरळ करायची सोय नव्हती. तिच्याबरोबर आलेल्या मुली ‘हो’, ‘नाही’, ‘माफ करा’ एवढ्यावर दिवस काढत होत्या. न्यान मात्र शिकली. शेडमधल्या रेडिओवरून शिकली, म्हाताऱ्यांच्या भांडणांवरून शिकली आणि दर रविवारी समाजमंदिरात निशिओकाबाईंच्या फुकट वर्गाला जाऊनही शिकली. आपलं म्हणणं आपल्या तोंडानं सांगता आलं की माणसं ऐकतात, अशी तिची भाबडी समजूत होती.

ती समजूत डळमळायला पहिलं निमित्त झालं ते हातमोज्याचं. तिनं मालकीणबाईंना नीट, सावकाश सांगितलं, “मालकीणबाई, माझ्या हातमोज्याला भोक पडलंय. गार पाणी आत जातं आणि बोटं बधिर होतात.”

मालकीणबाईंनी गालावर हात ठेवला. “अगंबाई! ‘बधिर’सुद्धा येतं तुला? काय सुंदर जपानी बोलतेस गं!”

हे कौतुक त्यांनी नवऱ्याला सांगितलं, ट्रकवाल्याला सांगितलं, टपाल आणणाऱ्या बाईलाही थांबवून सांगितलं. हातमोजा काही आला नाही. न्याननं भोकावर चिकटपट्टी लावली आणि कामाला लागली.

मग त्या हिवाळ्यात, ऐन हंगामात, तिच्या आईचा फोन आला. वडिलांचं यकृत संपलं होतं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. “सारखं विचारतात, न्यान कुठवर आली? मी सांगून टाकलंय, निघालीये म्हणून,” आई म्हणाली. “काय करू? तेवढं ऐकलं की दोन घास खातात.”

न्यान दुसऱ्याच दिवशी मालकांपुढे उभी राहिली. कुरोसे मालक वाईट माणूस होते असं गावात कुणी म्हणणार नाही. नववर्षाला ते मुलींना पेटीभर संत्री देत. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले, “हं... जरा कठीण आहे. विचार करतो.”

न्यान खूश झाली. कठीण म्हणजे अशक्य नव्हे, आणि मालक विचार करतायत म्हणजे काहीतरी मार्ग निघेल. ती वाट पाहत राहिली. फोनवर आई आता सांगत होती, “विमानतळावर पोचलीस असं सांगितलंय.”

शेवटी शेजारची जागा वाट्याला आलेल्या उमेयो आजींनीच एक दिवस तिचे डोळे उघडले. आजींची जीभ त्यांच्या सुरीपेक्षा धारदार होती.

“कसली वाट बघतेस गं, गधडे? ‘कठीण आहे’ म्हणजे नाही.”

“पण विचार करतो म्हणाले ना?”

“म्हणजे तर मुळीच नाही! विचार करायचा असता तर गप्प बसला असता. एवढी जपानी शिकलीस, आणि हे नाही कळलं होय तुला?”

न्यानचे हात थांबले. मग रागानं भराभर चालायला लागले. न विचारता निघून जावं तर गेल्या हंगामात बहिणीच्या लग्नाला गेलेल्या मुलीचं काय झालं ते तिनं पाहिलं होतं. ती परत यायच्या आत तिच्या अंथरुणावर दुसरी मुलगी झोपत होती. आणि वडिलांचं औषध, आईचा भात, सगळं याच कालवांवर चाललं होतं. जायचं तर मालकाच्या तोंडून ‘हो’ घेऊनच जायला हवं होतं.

त्याच सुमारास निशिओकाबाईंना वक्तृत्व स्पर्धेचे वेध लागले. आसपासच्या गावांत राहणाऱ्या परदेशी माणसांनी जपानीत भाषण करायचं, असली ती स्पर्धा. बाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि खाडीपलीकडच्या वर्गाकडून दर वर्षी हरून हरून टेकीला आल्या होत्या. पलीकडच्या वर्गात एक विधवा होती, मागच्या खेपेला तिनं नवऱ्याच्या बुडण्यावर भाषण करून बक्षीस नेलं होतं. तेव्हापासून बाई आपल्या विद्यार्थ्यांत एखादं दुःख शोधत होत्या.

“न्यान, तुझ्या आयुष्यात काही वाईट घडलंय का?” त्यांनी प्रेमानं विचारलं.

न्याननं वडिलांचं सांगितलं. ऐकता ऐकता बाईंचे डोळे भरून आले. आणि डोळे पुसायच्या आत त्यांनी कागद पुढं ओढला.

“हेच! हेच हवं होतं! नाव देऊ ‘माझे दोन वडील’. एक तिकडचे आणि एक इकडचे, म्हणजे कुरोसे मालक. शेवटी तू म्हणायचंस, वडील मला सांगतात, मुली, काम अर्धवट टाकून येऊ नकोस. म्हणून मी आज इथं उभी आहे.”

“पण बाई, वडील तर ये म्हणतात.”

“अगं हो, पण तसं म्हटलं तर ऐकणाऱ्यांना जड जातं. लोक आपले सुटीच्या दिवशी आलेले असतात.”

“बाई, तुम्ही मालकांशी बोलाल? मला घरी जाऊ द्या म्हणून?”

बाईंनी कागदावरची मान वर केली नाही. “आधी स्पर्धा होऊ दे. मग बघू.”

आता न्यानला ‘बघू’चाही अर्थ कळायला लागला होता. तरी ती रोज काम आटोपून सरावाला जात राहिली. बाई पेन्सिलीनं खुणा करून द्यायच्या. “इथं थांब. इथं आवाज दाटू दे. अंहं, इतका नको, शब्द कळले पाहिजेत.” मरणाऱ्या बापाच्या नावापुढं स्वल्पविराम कुठं द्यायचा, याच्यावर त्या दोघींनी एक अख्खी संध्याकाळ घालवली. न्यान सगळं निमूट करत होती, कारण बाईंनी बोलता बोलता सांगितलं होतं की मच्छीमार संघाचे अध्यक्ष म्हणून कुरोसे मालक पहिल्या रांगेत बसणार आहेत.

तिनं मनाशी ठरवलं. शेडमध्ये मालक जमिनीकडं बघून ‘कठीण आहे’ म्हणतात. भरल्या सभागृहात, सगळ्या गावासमोर कसे म्हणतील?

उमेयो आजींना तिनं हा बेत सांगितला तेव्हा आजी सुरी पुसत म्हणाल्या, “पोरी, चारचौघांत इथं कुणी नाही म्हणत नाही, हे खरं. पण हो तरी कोण म्हणतं?”

स्पर्धेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. एका फिलिपिनो सुनेनं सासूकडून खारवलेले आलूबुखार करायला शिकल्याचं सांगितलं. एका नेपाळी मुलानं कचरा वेगळा करताना झालेल्या फजितीवर लोकांना खूप हसवलं. मग न्यानचं नाव पुकारलं गेलं. तिनं बाईंचाच काळा कोट घातला होता. सकाळीच आईचा निरोप आला होता, “गावच्या पुलापर्यंत आलीस असं सांगितलंय. आता यापुढं काय सांगू?”

न्यान बोलायला लागली. जिथं थांबायचं तिथं थांबली, जिथं आवाज दाटायला हवा तिथं तो न सांगता दाटला. निशिओकाबाई पडद्याआड ओठ हलवत तिच्याबरोबर म्हणत होत्या. ‘काम अर्धवट टाकून येऊ नकोस’ हे वाक्य आलं, आणि न्याननं ते म्हटलंच नाही. ती व्यासपीठाच्या कडेला आली आणि पहिल्या रांगेकडं वळली.

“मालक, हे बाईंनी लिहून दिलेलं नाही, हे माझं आहे. माझे वडील मरतायत. ते विचारतात, न्यान कुठवर आली? आई त्यांना खोटं सांगते. मला घरी जायचंय, मालक. उद्याच. मी परत येईन, रात्रंदिवस कालवं फोडीन. फक्त जा म्हणा. आत्ता, इथं, सगळ्यांसमोर म्हणा.”

कुरोसे मालकांचा चेहरा लाल झाला होता. ते सावकाश उठून उभे राहिले. आता म्हणतील, हा माणूस आता बोलेल, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

मालकांनी रुमाल काढून डोळे टिपले, मागं वळून सभागृहाला कमरेत वाकून नमस्कार केला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

मग काय विचारता! सगळं सभागृह उभं राहिलं. बायका हुंदके देत होत्या, म्हातारे नाक शिंकरत होते, आणि टाळ्या थांबता थांबेनात. टाळ्या वाढायला लागल्या तसा न्यानच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. “जाऊ का?” ती पुन्हा म्हणाली, पण ती ध्वनिवर्धकापासून लांब होती म्हणून ते कुणाला ऐकू आलं नाही.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. मुख्य परीक्षक म्हणाले, “शेवटी प्रेक्षकांतल्या माणसाशी थेट बोलण्याची कल्पना अप्रतिम. क्षणभर आम्हाला ते खरंच वाटलं! विनंती किंचित अधिक नम्र असती तर पैकीच्या पैकी गुण दिले असते.” ट्रॉफी देताना गावच्या प्रमुखांनी हसून विचारलं, “एवढी सुंदर जपानी कुठं शिकलात?”

“मला घरी जायचंय,” न्यान म्हणाली.

“अर्थात, अर्थात! मातीची ओढ!” ते म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

बाहेर, चपलांच्या कपाटापाशी, तिनं मालकांना गाठलं. आता तिच्या जपानीत ना स्वल्पविराम उरले होते ना खुणा. “मालक, जाऊ द्या मला.”

मालकांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. “पोरी, आज तू माझी मान उंच केलीस,” ते हळू आवाजात म्हणाले. “आता ती खाली घालायला लावू नकोस. ऐन हंगाम आहे. जरा... कठीण आहे.”

या खेपेला तिला अर्थ विचारावा लागला नाही.

ट्रॉफी शेडच्या दारात, देवघराच्या फळीवर ठेवली गेली, आणि कालवं घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना मालकीणबाई ती दाखवू लागल्या. त्याच आठवड्यात न्यानचे वडील गेले. आई फोनवर रडत नव्हती, एवढंच म्हणाली, “शेवटी त्यांना सांगितलं, दारात आलीये, पाय धुतेय. तेवढं ऐकलं आणि गेले.”

सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मालकांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. सगळ्यांनी मिळून न्यानच्या वडिलांसाठी डोळे मिटून उभं राहायचं, असं त्यांनी सांगितलं. नंतर काळ्या-पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेलं सांत्वनाच्या पैशांचं पाकीट दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं, आणि खरोखरच्या कळवळ्यानं म्हणाले, “आता काही घाई उरली नाही. हंगाम संपला की सावकाश जाऊन ये.” वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त इथं घोडंसुद्धा हंगाम संपल्यावर मिळणार होतं. उमेयो आजी जमिनीवर थुंकल्या. त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा न्यानच्या शेजारची जागा मागून घेतली.

त्यानंतर न्यान बोलेनाशी झाली. ‘हो’, ‘नाही’, ‘माफ करा’, बस. नव्यानं आलेल्या मुलीइतकीच जपानी तिनं तोंडात ठेवली. मालकीणबाईंना वाटलं, दुःखात आहे बिचारी, येईल ताळ्यावर.

आणि एके दिवशी निशिओकाबाई शेडमध्ये आल्या. हातात संत्र्यांची पेटी, काखेत कागद, डोळ्यांत पाणी. त्यांनी न्यानचे ओले, खारट हात स्वतःच्या हातात घेतले.

“किती वाईट झालं गं! तुझ्यापेक्षा मलाच रडू येतंय. पण ऐक, पुढची फेरी मोठ्या शहरात आहे, राज्यपाल येणार आहेत. मी भाषण थोडं बदललंय. आधी वडील आजारी होते, आता गेले, त्यामुळं शेवट फार ताकदीचा झालाय. आणि आईनं दारात पाय धुतल्याचं सांगितलं, ते मी शेवटच्या ओळीत घेतलंय.”

पाय धुतल्याचं बाईंना कुठून कळलं? मालकीणबाईंकडून. आणि मालकीणबाईंना न्याननंच सांगितलं होतं, रडत रडत, बोलायची अजून सवय होती तेव्हा.

न्याननं आपले हात सोडवून घेतले. खाली ठेवलेली सुरी उचलली. बाईंच्या डोळ्यांत बघून ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “मला माफ करा, बाई. मला जपानी येत नाही.”

बाईंचा चेहरा उजळला, आणि त्या मालकीणबाईंकडं वळल्या.

“ऐकलंत? उच्चार किती स्वच्छ आहेत ते!”

मालकीणबाईंनी कौतुकानं मान डोलावली. न्याननं ढिगातलं पुढचं कालव उचललं.