एअर फिल्टरमधले धान

दहा वर्षं मी पेट्रोलची गाडी चालवली, पण बॉनेट कधी स्वतः उघडलं नाही. सर्व्हिसिंगला गाडी सोडायची, संध्याकाळी घेऊन यायची, एवढाच संबंध. मग दिराची जुनी डिझेल गाडी माझ्याकडे आली. गोंदियाहून आमगावच्या शाळेत रोज जायला ती बरी पडायची.

यंदा धानकापणी झाल्यावर गाडी ओढेनाशी झाली. ट्रकला ओलांडायला जावं तर दमायची आणि मागे काळा धूर. शनिवारी मी मेकॅनिककडे नेली. पन्नाशीचे गृहस्थ, बोलणं निम्मं हिंदीत. या वेळी मी तिथेच उभी राहिले.

त्यांनी आधी ऑइल पाहायची पट्टी ओढली. ऑइल कुट्ट काळं.

"दीड महिन्यापूर्वीच बदललंय. मग काळं काऊन झालं?" मी विचारलं.

"डिझेलचं असंच होते मॅडम. आतली काजळी तेच धुऊन काढते. पेट्रोल गाडीचं जरा उशिरा काळं होते. रंग देखके डरना नहीं, लेव्हल पाहायची आणि किती किलोमीटर झाले ते."

इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मग त्यांनी एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या, झाकण उचललं आणि मला जवळ बोलावलं. डब्यात मूठभर धान होतं. सोबत कोंडा, चिंध्या, आणि फिल्टरचा एक कोपरा कुरतडलेला.

"उंदीर," ते शांतपणे म्हणाले. "हवाच नाही भेटून राहिली इंजिनला. डिझेल जाते, पूरं जळत नाही, म्हणून धूर. गाडी कुठं उभी करता?"

त्यांनी पुढच्या नळीत बोट फिरवून धूळ आत गेली नाही ना ते पाहिलं, डबा पुसला, नवा फिल्टर बसवला. धान फेकायला निघाले तेव्हा मी ते कागदात बांधून घेतलं.

माझा संशय बाबांच्या अंगणावर होता. दर रविवारी मी सौंदडजवळच्या माझ्या माहेरी जाते आणि गाडी त्यांच्या खळ्याशेजारीच असते. दुसऱ्या दिवशी पुडी त्यांच्यासमोर ठेवली.

"बाबा, तुमच्या उंदराची कमाई."

त्यांनी चार दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारली, वास घेतला. "हा आपला धान नाही वं बाई. आपला जाडा. हा वासाचा आहे, चिन्नोर वाटते. आता कोण लावते हा?"

"मला काय माहीत?"

"मंग पाहू ना. कायले बसून राहायचं?"

ते त्याच संध्याकाळी माझ्यासोबत गोंदियाला आले आणि सोमवारी आमगावला. मी जिथे गाडी लावते त्या शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे एका आजीचं घर होतं. आपण रोज ज्या भिंतीला गाडी टेकवतो तिच्यापलीकडे मी कधी डोकावलेही नव्हते. तिथे मळणी व्हायची राहिलेलं धानाचं एक लहानसं पुंजणं रचलेलं होतं.

बाबांनी आजींना पुडी दाखवली. त्यांनी एक दाणा दातांखाली फोडला.

"माहाच आहे. वावरातल्या एका बांधीत लावतो, घरच्यापुरता. तुमच्या पोरीच्या गाडीत गेला का?"

"हो. इंजिनाचा श्वास कोंडला."

"उंदीर का मले विचारून जातेत?" आजी म्हणाल्या आणि त्यांनी बाबांना खाट दिली.

मी वर्गावर गेले. तास संपवून आले तरी दोघं बोलतच होते: पाणी किती लागतं, लोंबी कधी येते, माणसं हा धान का सोडून बसली. पेरणीआधी थोडं बियाणं न्यायला या, असं आजींनी बाबांना सांगून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून मी गाडी पटांगणाच्या दुसऱ्या बाजूला लावते आणि दर पंधरा दिवसांनी डब्याच्या क्लिपा स्वतः काढते. परवा शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला तसं करताना पाहिलं. त्यांची गाडी पेट्रोलची.

"माझ्या गाडीत पण असतो का हा डबा?" त्यांनी विचारलं.

"असतो ना. हवा दोघींनाही लागते."

त्यांनी चावी काढली. मग त्यांचं बॉनेट कुठून उघडतं, ते आम्ही दोघी शोधत बसलो.