डबल बेल

मी नुकसानभरपाईच्या सुनावणीला बसले होते. साहेबांच्या टेबलावरची घंटी उन्हात चमकत होती आणि मला आजोबा आठवत होते.

आजोबा एसटीचे कंडक्टर. म्हातारपणी पाय थकले, तेव्हा घरोघरी आया पुरवणाऱ्या आमच्या संस्थेनं मला त्यांच्या सेवेला पाठवलं. मी काखेत हात घातला की ते तोंडानं ‘टिंग टिंग’ करायचे. “डबल बेल झाली, बाई. जाऊ द्या!” मग आम्ही दोघं एकदम उठायचो. खिडकीपाशी पोचेपर्यंत ते एकेक थांबा पुकारायचे.

एकदा मात्र ते बेल न देताच उठले आणि त्यांचा तोल गेला. त्यांना सावरताना माझी कंबर गेली, ती गेलीच. पुढे आजोबाही गेले. माणूस जातो, पण त्याची सवय दुसऱ्याच्या हातापायांत राहून जाते की काय, कोण जाणे.

तेवढ्यात साहेबांनी शिपायाला बोलवायला घंटी दोनदा वाजवली. मी ताडकन उठले, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे हात नेत वाकले. कळ मस्तकात गेली.

संस्थेचे वकील हसले. “कंबर दुखते म्हणता ना, बाई?”

“दुखते ना, साहेब,” मी म्हणाले. “पण डबल बेल झाली.”