मनोर ते भाईंदर, ट्रॅक्टरवरून

हायवेवरून ट्रॅक्टर न्यायचा विचार असेल, तर आमची चौऱ्याहत्तर सालची ही सफर आधी वाचा.

भाईंदरला आमची भातशेती होती. मनोरजवळच्या एका शेतकऱ्याचा जुना ट्रॅक्टर ट्रॉलीसकट घ्यायचं ठरलं आणि डिसेंबरातल्या एका सकाळी मी आणि थोरला भाऊ विठूदादा एसटीने निघालो. ट्रॅक्टर चालवायला मी शिकलो होतो, दादा सोबतीला.

मालकाने तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी जेवू घातली. मग म्हणाला, मागचा दिवा बंद आहे, आज मुक्काम करा, सकाळी उजेडात जा. दादालाही ते पटलं. पण मला त्याच दिवशी गावात मिरवायचं होतं. दोनला निघालो.

रस्ता चांगला, दोन्हीकडे पेंढ्यांच्या उडव्या. वेग ताशी वीसच्या आत. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून दादा उजव्या मडगार्डवर. विरार फाट्यावर चहाला थांबलो, तिथे एका ट्रकवाल्याने ट्रॉलीकडे बघून सांगितलं, "पीछे से कुछ दिखता नहीं. अंधेरा होने से पहले रुक जाओ." मी नुसती मान हलवली.

घोडबंदरची खाडी ओलांडली तेव्हा सूर्य बुडाला होता. काशीमिऱ्याला भाईंदरसाठी उजवीकडे वळायचं. वळणाचा दिवा नव्हता, म्हणून दादाने हात बाहेर धरला. मी मागे न बघताच ट्रॅक्टर वळवला. त्याच वेळी एक ट्रक आम्हाला ओलांडायला उजवीकडून आला. संधिप्रकाशात त्याला तो हात दिसला नसणार. ब्रेक करकरले. मी वळून पाहिलं तर मडगार्डवर दादा नव्हता.

त्याच ट्रकमधून आम्ही त्याला ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला.

दादा शुद्धीवर आल्यावर आईने विचारलं, एवढ्या उशिरा निघालातच कशाला? मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "मीच त्याला घाई केली. त्याची चूक न्हाय."

आई त्यालाच बोलली. मी खाटेशेजारी गप्प उभा राहिलो.

पुढच्या पावसाळ्यात नांगरणी मी केली. दादा बांधावर बसून बघायचा. जेवताना वहिनी त्याला भाकरी कुस्करून द्यायची.

आई गेली, मग दादाही गेला. घाई माझी होती, हे मी आज पहिल्यांदा सांगतोय.