मालिकेतल्या सुनेचं डोहाळजेवण

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करावं. चौथीनंतर पेन हातात फारसा आला नाही, म्हणून अक्षरही वाकडंतिकडं आहे. हे वाचणारं कुणी नाही, तरी आधी सांगून टाकलं की बरं वाटतं.

मालिका बघणाऱ्या बायकांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. राजुरी, तळेघर, आमचं निरगुडसर, अशा कुठल्या कुठल्या बायका. बहुतेकींनी एकमेकींचं तोंडही बघितलं नव्हतं. भाग संपला की सासूला शिव्या घालायच्या आणि सुनेची बाजू घ्यायची. मी कधी बोलले नाही. फुलांची चित्रं तेवढी पाठवायचे.

मालिकेतल्या सुनेला दिवस गेले, तेव्हा तिचं डोहाळजेवण करायचं ठरलं. आमच्या गावच्या देवळात पाटावर तिचा फोटो मांडायचा, हिरव्या साडीनं ओटी भरायची आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. मी कुणाशी भांडत नाही म्हणून साडीची वर्गणी माझ्याकडे दिली. मी मंचरहून साडी आणली. काठ फार सुंदर होते.

तिथंच माशी शिंकली. राजुरीच्या काकू मोबाईलवर उद्याचा भाग आजच बघायच्या. त्यांनी भरदुपारी लिहून टाकलं की सुनेचं पोट खोटं आहे, उशी बांधलीय. तळेघरच्या ताईंकडे वीज नव्हती, बिचाऱ्यांचा मागचाच भाग बघायचा राहिला होता. त्या भडकल्या आणि काकूंना पेपर फोडणारी म्हणाल्या. काकूंनी त्यांना लबाड सुनेची वकील ठरवलं. मग मालिका राहिली बाजूला, एकमेकींचं माहेरसुद्धा निघालं. शेवटी ग्रुप फुटून दोन झाले. मला दोन्हीकडे घेतलं. दोन्हीकडे एका गोष्टीवर मात्र एकमत होतं, वर्गणी परत द्या.

दुकानदार साडी परत घेईना. तेवढे पैसे माझ्याकडे नव्हते. मग पैसे कुणी खाल्ले, असं दोन्हीकडे लिहून यायला लागलं. भाकरी थापताना माझ्या डोक्यात तेच. ज्या बायकांनी मला कधी बघितलंही नाही, त्यांच्या तोंडी मी चोर झाले होते. एक दिवस मोबाईल घेऊन गोठ्यात गेले आणि दोन्ही ग्रुपांवर बोलून पाठवलं, "मी पैसं खाल्लं नाय. साडी माझ्या कपाटात हाय. ज्यांना वाटतं त्यांनी येऊन बघावं." मागून म्हैस ओरडली, तेही त्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी दारात राजुरीच्या काकू. ग्रुपवर वाघीण, पण दारात धापा टाकत आधी पाणी मागितलं. साडी उजेडात नेली, काठ बोटांत चोळून बघितला. मग हळूच म्हणाल्या की त्यांच्या सुनेला सातवा लागलाय.

मी म्हटलं, "काकू, ही खोट्या पोटासाठी आणलेली. कशी न्यायची?"

"अगं, पोट खोटं व्हतं, साडी तर खरी हाय ना? थोडं कमी कर."

मी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं, "एक रुपया कमी घेतला तर मी परत चोर."

त्या खो खो हसल्या आणि दुकानाच्या पावतीवरचे सगळे पैसे दिले. निघताना म्हणाल्या, "तळेघरवालीला पण जेवायला बोलाव. म्हणावं, हात लावून बघ, उशी नाय."

त्याच आठवड्यात मी दोन्ही ग्रुपांतल्या बायकांचे पैसे परत करायला लागले. कुणाला फोनवरून, कुणाला गावाकडं जाणाऱ्याच्या हाती. तळेघरच्या ताईंचे तेवढे राहिले होते. राजुरीच्या डोहाळजेवणात काकूंनी त्यांना आग्रहानं दुसऱ्यांदा वाढलं. दोघी मालिकेतल्या सासूला शिव्या घालत जेवत होत्या. मी ताईंच्या हातात पैसे दिले. त्यांनी न मोजता कमरेला खोचले. सगळ्यांची वर्गणी फिटली.