दुमडलेला कोपरा

आधीच सांगते, मी भुताखेतं मानणारी बाई नाही. आमच्या घरी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून भिंतीवर लावलेल्या आहेत. तेव्हा 'बाई घाबरली असेल' असलं काही मनात आणू नका... घाबरायला वेळच नव्हता.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. गाव जिंतूर. माझ्या भावाची गायन पार्टी होती आणि त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा गाणार होते. भीमगीतांचा कार्यक्रम, पोस्टरवर माझं नाव लाल शाईत!

पार्टीची पोस्टरं आधी बाप चिकटवायचा. तो चार महिन्यांपूर्वीच वारला होता. त्याला वाचता येत नव्हतं. एकदा अख्ख्या गल्लीत पोस्टरं उलटी लावून आला, लोक पोट धरून हसले. तेव्हापासून प्रत्येक कागदाचा वरचा उजवा कोपरा दुमडून घ्यायचा. निघताना मला विचारायचा, "माय, वरची बाजू हीच ना?" खळीत कडुलिंबाचा पाला वाटून घालायचा, शेळ्यांनी कागद खाऊ नये म्हणून.

या वेळी पोस्टरं भावानं लावली. तो शिकलेला, त्याला कोपऱ्याची गरज नाही. खळही नुसती मैद्याची. सकाळी बघतो तर सगळी फाडलेली. एसटी स्टँडमागच्या भिंतीवरच्या चिंध्या मी स्वतः पाहिल्या. कोणी फाडली ते सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं. घरात एक कागद शिल्लक नव्हता.

भाऊ मान खाली घालून म्हणाला, "बंद करू कार्यक्रम. लय वंगाळ दिवस हायेत." मला रडू आलं, रागानं.

दुपारी त्याच भिंतीपाशी गेले... तर पोस्टर. अखंड. त्या उन्हात खळ ओली. बोटाला लावून चाखली – कडू जहर. आणि वरचा उजवा कोपरा दुमडलेला.

भावाला हाताला धरून तिथं आणलं. त्यानं त्या दुमडलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "चल, ढोलकी ताणून ठिवतो." छापखान्यात विचारलं, जादा एकही छापलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी गायले, आवाज बसेस्तोवर गायले.

नंतर ओलं पोतं लावून ते पोस्टर सोडवून आणलं. मागच्या महिन्यात पुण्याचे एक गृहस्थ आले – परदेशी रॉक कॉन्सर्टची जुनी पोस्टरं जमवणारे. माझं बघून हरखलेच. विकत मागितलं. फक्त कोपऱ्याची घडी तेवढी सरळ करून घेऊ म्हणाले, नाहीतर डागी दिसतं. मी म्हटलं, चहा घ्या आणि निघा.

तो कोपरा कुणी दुमडला? मला आजही माहीत नाही. पण सरळ मी कुणाला करू देणार नाही.