दुपारी बाराची ओहोटी

इराचा निरोप मंगळवारी सकाळी आला, तेव्हा मी ऑफिसला निघालो होतो आणि लिफ्टसमोर उभा होतो. इंग्रजीत दोनच वाक्यं होती. बाबा गेले. तुम्ही आलात तर आई काहीतरी खाईल. नोव्हेनाच्या इस्पितळात पोहोचलो तेव्हा मंगलवहिनी भिंतीकडे पाहत बसल्या होत्या आणि सोळा वर्षांची इरा नर्सकडून कागद समजून घेत होती. माझा मित्र सदानंद राणे एक्कावन्नाव्या वर्षी गेला, त्याला आता सहा आठवडे झाले.

२००७ साली आम्ही इथे परदेशात, तोआ पायोह वस्तीतल्या एकाच ब्लॉकमध्ये राहायला आलो, तो नवव्या मजल्यावर, मी अकराव्या. क्वीन्सटाउनच्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर तपासणाऱ्या गटाचा प्रमुख होता. तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्याचं कामही होतं आणि स्वभावही. रविवारी सकाळी आम्ही खालच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी घ्यायचो, आणि तिथे तो एक वही उघडायचा. वहीत इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्याची सहल होती. कुठल्या बंदरात मासळीचा लिलाव पाहायचा, कड्यावरची कुठली पायवाट चालायची, जुन्या कथलाच्या खाणीत कुठून उतरायचं, पेस्टी नावाची ती भलीमोठी करंजी कुठे खायची... सगळं दर वर्षी सुधारून लिहिलेलं. जाणं मात्र होत नव्हतं. एका वर्षी प्रोजेक्ट, एका वर्षी इराची परीक्षा.

पहिल्या पानावर एक बेट होतं. भरतीला ते समुद्रात असतं. ओहोटीला दगडी वाट उघडी पडते आणि माणसं चालत त्याच्या माथ्यावरच्या किल्ल्यात जातात. देवगडजवळच्या सदाच्या गावातही असा एक खडक होता, वर छोटं देऊळ. लहानपणी तो वडिलांबरोबर ओहोटीला तिथे चालत जायचा. पुढे बंधारा झाला आणि ती वाट बुजली. पाण्यातून वर आलेल्या वाटेवरून इराला एकदा चालवायचं, एवढं त्याच्या मनात होतं.

यकृताचा आजार निघाल्यावर डॉक्टरांनी उपचाराच्या दोन फेऱ्यांमध्ये अठरा दिवस दिले. पुढच्या फेरीनंतर प्रवास जमेलच असं सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले. इराला मात्र घरात साधी कावीळ म्हणून सांगितलेलं होतं. मे महिन्यात तिघं निघाली. बेटासाठी वहीत एकच दिवस बसत होता, आणि त्या दिवशी अष्टमी होती. आमच्या कोकणात भरती काढायला तिथीची पाऊणपट करतात. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. सदाने बारा लिहिले.

"बाबा, जस्ट चेक ऑनलाइन, लाह," निघायच्या आधी इरा म्हणाली होती.

"अगं, चंद्र एकच आहे ना?"

"आणि हा माणूस ऑफिसात पोरांना टेस्टिंग शिकवतो," मी म्हटलं.

"हे माझ्या आजोबांनी टेस्ट केलेलं आहे रे."

आजोबांनी ते कोकणच्या किनाऱ्यावर केलं होतं. प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ वेगळी असते, चंद्र एकच असला तरी. कॉर्नवॉलच्या त्या किनाऱ्यावर ते बरोबर बारा वाजता पोहोचले आणि समोर काठोकाठ समुद्र होता. पुढचं मला वहिनींनी सांगितलं. "मी म्हटलं, अहो, होडी जातेय, तिनेच जाऊ. तर म्हणे, होडीने जायला इथवर आलो का?" इरा भडकली. एकच दिवस आहे आपल्याकडे, एकच, असं ओरडली आणि रडायला लागली. मग सदाला कळलं की ती सहलीच्या दिवसाबद्दल बोलत नव्हती.

"तुला कधीपासून माहीत?"

"फेब्रुवारी. आय चेक्ड ऑनलाइन."

दुपारची बाग आणि कड्यावरचं खुलं नाट्यगृह वहीतून खोडलं गेलं. दोघं किनाऱ्यावरच्या भिंतीवर पाच तास बसली. वहिनी थोड्या अंतरावर होत्या, त्यांनी दोघांना बोलू दिलं. पाणी कसं ओळखायचं तेही त्याने मधूनच सांगितलं: लाटेकडे बघायचं नाही, एक दगड धरायचा आणि त्याच्यावरची नजर हलवायची नाही. पाचनंतर वाट मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचा निरोप वाचला. "पोहोचलो. किल्ल्याचं दार बंद झालेलं. परत चालत निघालो. वाट उत्तम."

ऑक्टोबरात तो गेला. अस्थी समुद्रात सोडायच्या, हे वहिनींनी ठरवलं. चांगीच्या जेट्टीवर सकाळी दहाची होडी मी ठरवली. भरती-ओहोटी बघायची मला आठवण राहिली नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी अजून चढत होतं. होडीवाले चिनी अंकल म्हणाले, "एनीटाइम कॅन. नाऊ ऑल्सो कॅन."

"नो, अंकल. वुई वेट," इरा म्हणाली. "पाणी बाहेर जाताना."

अंकलनी खांदे उडवले आणि सावलीत जाऊन बसले. वहिनींनी थर्मासमधला चहा त्यांनाही दिला. इरा जेट्टीच्या पायऱ्यांवर कलश मांडीवर घेऊन बसली. मी एकदा काहीतरी बोलायला गेलो, तर तिने हात वर करून थांबवलं. तिची नजर खालच्या एका पायरीवर होती, जी पाण्याखाली हिरवट दिसत होती. अकरा वाजून गेले... पाणी थबकलं, तसंच राहिलं. मग त्या पायरीची कड वर आली, पुन्हा बुडाली, आणि वर आली ती राहिली.

"आता," इरा म्हणाली, आणि उठली.